जुना पार्ट

आपण आपल्या घरच्या मोटारीचं मॅनिफोल्ड गास्केट आहोत, हे अच्युतराव बोरगावकरांना गाडी घेतल्या दिवसापासून माहीत होतं. आपण झिजलो आहोत, हे मात्र त्यांना एका मंगळवारी सकाळी कळलं, आणि तेही शेजारच्या शेटे वकिलांकडून.

शेटे वकील कुंपणापाशी दात घासत उभे होते. अच्युतरावांनी गाडी चालू केली, तशी बॉनेटखालून टिकटिक ऐकू यायला लागली. वकिलांनी ब्रश तोंडातून काढला आणि कान दिला.

"बोरगावकर, गळताय तुम्ही," ते म्हणाले.

"गाडी गळतेय म्हणा."

"तेच ते," असं म्हणून वकील चूळ भरायला आत गेले.

तासगावात याचं कुणाला काही वाटत नाही. इंजिनातला जळका धूर आधी चार तोंडांच्या एका बिडाच्या नळकांड्यात येतो आणि तिथून सायलेन्सरकडे जातो. त्या नळकांड्याला मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिन कडक, मॅनिफोल्डही कडक. धूर मधल्यामध्ये फुटू नये म्हणून दोघांच्या सांध्यात एक पातळ पट्टी घालावी लागते, ती म्हणजे गास्केट. बाहेरगावी ही पट्टी दुकानातून आणून नुसती बसवतात, असं ऐकतो. आमच्याकडे ती घरातल्या माणसाच्या नावानं बसते. नवी गाडी दारात आली की चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू, पुढे नारळ, हे सगळं होतं. मग मिस्त्री विचारतो, "तुमच्यात मधे कोण असतं?" सगळे ज्याच्याकडे बघतात, त्याचा उजवा पंजा पट्टीवर टेकवून घेतात आणि मग ती बसवतात. तेव्हापासून ती पट्टी म्हणजे तो माणूस.

बोरगावकरांकडे हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा अच्युतरावांच्या आई, म्हणजे माई, अच्युतरावांकडे बघत होत्या आणि त्यांची बायको वृंदाही अच्युतरावांकडेच बघत होती. अच्युतरावांनी आपल्या पाठीमागे कोणी उभं आहे का ते वळून बघितलं. पाठीमागे तुळस होती. त्यांनी पंजा पुढे केला.

खरं म्हणजे आई आणि बायको यांच्यामधल्या माणसाला आपल्या भाषेत अडकित्त्यातली सुपारी म्हणतात. पण सुपारीलाही वाटू शकतं की अडकित्ता आपल्याचमुळे एकत्र आहे. अच्युतरावांना तसं वाटत असे. ते हायस्कुलात पर्यवेक्षक होते, म्हणजे तिथेही हेडमास्तर आणि शिक्षक यांच्यामध्येच. रिकाम्या तासाला खुर्चीत बसून ते स्वतःच्या कामाचा विचार करत आणि त्यांना स्वतःविषयी जरा आदर वाटे.

गाडीत बसायची पद्धत ठरलेली होती. अच्युतराव चालवायला, कारण गास्केटनं इंजिनाजवळ असलेलं बरं. माई त्यांच्या शेजारी, कानांत कापसाचे बोळे घालून आणि आपल्या बाजूची काच पूर्ण खाली करून. वृंदा मागे, डोक्याला ओढणी गुंडाळून, कारण त्या काचेतून येणारा सगळा वारा तिच्यावर. गाडीत दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत. माई बोलायच्या ते अच्युतरावांशी, वृंदा बोलायची तेही अच्युतरावांशीच, आणि अच्युतराव इकडचं तिकडे गाळून पोचवायचे.

उदाहरणार्थ, एकादशीला वृंदा साबुदाण्याची खिचडी करायची. माई गाडीत म्हणायच्या, "अच्युत, आजची खिचडी रबरासारखी झाली होती." अच्युतराव आरशात बघून म्हणायचे, "वृंदा, माईंना खिचडी आवडली. अशीच करत जा म्हणतात." किंवा मागून वृंदा म्हणायची, "अहो, ती काच वर करायला सांगा, मान धरलीय माझी." अच्युतराव म्हणायचे, "माई, वृंदा म्हणते काच खालीच असू दे, वारा बरा वाटतो." मग माई कापूस आणखी आत सारायच्या, वृंदा ओढणी आणखी घट्ट करायची, आणि गाडीत शांतता नांदायची. त्या शांततेचं सगळं श्रेय अच्युतराव स्वतःकडे घेत. इतर कुणी द्यायला आलं नव्हतं.

गळतीची लक्षणं खरं तर दिवाळीपासूनच दिसत होती. सकाळी गाडी थंड असताना टिकटिक यायची आणि इंजिन तापलं की बंद व्हायची. लोखंड तापून फुगतं आणि सांधा तेवढ्यापुरता मिटतो. अच्युतरावांचंही तेच झालं होतं. सकाळी चहाच्या आधी त्यांच्या तोंडून भलतंसलतं निसटायचं, आणि चहा पोटात गेला की ते पहिल्यासारखे बंद व्हायचे. गाडीत जळका वास येऊ लागला होता. मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा फराटा उमटला होता, आणि वृंदानं एकदा त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर कॉलरवर कानामागच्या बाजूला तसाच फराटा. गाडीला पेट्रोल जास्त लागायला लागलं, त्यांना चहा. तरी माणूस स्वतःची झीज वयावर ढकलतो, तशी त्यांनी ढकलली.

मग मागच्या एकादशीला ते घडलं. सकाळची वेळ, चहा व्हायचा होता. माई खोलीतून काही म्हणाल्या, अच्युतराव स्वयंपाकघरात आले आणि वृंदाला म्हणाले, "माई म्हणतात, खिचडी रबरासारखी झालीय."

एक थेंबही गाळला गेला नाही. वृंदानं गॅस बंद केला, त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचे दोन दिवस ती बोलली नाही. माईंशी बोलली, दूधवाल्याशी बोलली, अच्युतरावांशी नाही. माईंवरचा राग ही आपल्यावर काढतेय, असा अर्थ अच्युतरावांनी लावला आणि तो सहन केला. सहन करणं हा त्यांचा हातखंडा होता.

म्हणून मंगळवारी वकिलांनी सांगितल्यावर त्यांना धक्का असा बसला नाही, धास्ती बसली. येत्या रविवारी कोल्हापूरला माईंच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माई आणि वृंदा, दोघींनी एका गाडीतून जायचं होतं. आपण असे गळते राहिलो तर या दोघी वाटेतल्या अंकलीच्या पुलापर्यंतसुद्धा एका गाडीत टिकणार नाहीत, याची अच्युतरावांना खात्री होती. आणि आपल्याला बदललं तर? तर घरात आपलं काम काय, हा प्रश्न त्यांनी मनात आणला आणि घाईनं परत पाठवला.

आधी त्यांनी घरच्या घरी उपाय केला. शाळेच्या प्रयोगशाळेतून पाना आणला, बॉनेट उघडलं, आणि मॅनिफोल्डचे नट आवळले. सगळे नाही, हात पोचत होता तेवढे, म्हणजे एकाच टोकाचे. मॅनिफोल्डचे नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे थोडेथोडे आवळत न्यायचे असतात, हे त्यांनी नववीच्या मुलांना एकदा कार्यानुभवाच्या तासाला शिकवलं होतं. शिकवलेलं स्वतः करायचं असतं असा काही नियम नाही. आवळलेलं टोक माईंच्या बाजूचं निघालं. त्या दिवशी माई काय म्हणतात ते त्यांच्यापर्यंत पोचेचना, डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली, आणि उजवीकडून वृंदाचं बोलणं जसंच्या तसं बाहेर पडायला लागलं. "माईंच्या खोलीतला रेडिओ फुटला तर मी पेढे वाटीन," हे त्यांनी माईंना जेवताना सांगितलं. माई घास चावत राहिल्या. संध्याकाळी अच्युतराव गाडी घेऊन अप्पा पट्टणशेट्टींच्या गॅरेजला गेले.

अप्पा पट्टणशेट्टी हे आमच्याकडचे जुने मिस्त्री, आणि जुन्या मिस्त्र्याला शोभेल इतके गर्विष्ठ. ते गाडीला हात लावण्याआधी कपाळाला विभूती लावत आणि गिऱ्हाइकाला आधी त्याची चूक सांगत.

"सर, पाना कुणी मारला?"

"मीच जरा आवळलं."

"जरा न्हाई, एकाच अंगाला आवळलंय. तुमचं तोंड वाकडं झालंय बगा आरशात."

अच्युतरावांनी आरशात बघितलं. झालं होतं.

अप्पांनी गाडी थंड होऊ दिली. मग चालू केली, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं सांध्यावरून हळूहळू फिरवलं. एका ठिकाणी थांबून त्यांनी मान हलवली. मग तेच टोक त्यांनी अच्युतरावांच्या कानशिलाला लावलं आणि पुन्हा मान हलवली.

"आवाज येकच हाय," ते म्हणाले. "आता साबण."

साबणाचं पाणी त्यांनी ब्रशनं सांध्याला फासलं. इंजिनाच्या ठोक्याबरोबर तिथे बुडबुडे आले. मग त्यांनी ब्रश अच्युतरावांच्या दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांना लावला आणि विचारलं, "सर, वैनी माईंबद्दल काय म्हंत्यात?"

"काही नाही, चांगलंच म्हणते," अच्युतराव म्हणाले, आणि उजव्या कोपऱ्यातून तीन बुडबुडे आले.

"आन माई वैनींबद्दल?"

अच्युतरावांनी या वेळी तोंड घट्ट मिटून घेतलं. बुडबुडे तरीही आले, आता दोन्हीकडून.

"दोन्ही अंगानं गेलंय," अप्पांनी निकाल दिला. "बदलायला लागतंय."

"अप्पा, पेस्ट लावून नाही का भागणार? रविवारपर्यंत?"

"पेस्ट ही तोंडदेखली असतीया. तापली की उडून जाईल. ऐन सहस्रचंद्रदर्शनात उडली म्हंजे?"

अच्युतरावांनी तो प्रसंग डोळ्यांपुढे आणला. ओवाळणी चालू आहे, माई मावशीच्या साडीविषयी काही पुटपुटल्या आहेत, आणि आपण ते मांडवात मोठ्यानं जाहीर करतो आहोत. त्यांनी गाडीची किल्ली अप्पांच्या हातात दिली.

"नट गंजल्यात," अप्पा म्हणाले. "तेल सोडून ठिवतो, उद्यापतुर भिजू देत. तसंच जोर लावून काढाय गेलं तर मोडतंय. तुम्हीबी घरी जाऊन गप पडा. कुणाचा निरोप कुणाला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून अच्युतराव गॅरेजमध्ये आले. अप्पांनी वरचं पत्र्याचं कव्हर काढलं आणि टोकांकडून मधे येत एकेक नट सैल केला. नट सुटेल तसे अच्युतरावांचे खांदे खाली येत गेले. शेवटी मॅनिफोल्ड अलगद मागे ओढून अप्पांनी गास्केट काढलं. ते अखंड निघालं नाही. एक तुकडा इंजिनाला चिकटून राहिला, एक मॅनिफोल्डला, आणि मधला अप्पांच्या हातात आला. तो काळा पडला होता आणि त्यातून पलीकडचं दिसत होतं.

"एवढी वर्षं हा इथे होता," अच्युतराव म्हणाले.

"तुम्हीच हाईसा की त्यो," अप्पा म्हणाले. "सरका, उजेड अडवू नका."

गॅरेजबाहेर कुठल्याशा जीपची जुनी सीट बाकासारखी ठेवलेली होती. अच्युतराव तिच्यावर बसले. आता ते कुणाच्याच मधे नव्हते. त्यांनी हात मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग पुन्हा मांडीवर ठेवले. मोकळं झालं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. त्यांना भूक लागल्यासारखं वाटत होतं, आणि सकाळी तर ते पोटभर खाऊन आले होते.

"नवं नाव द्या," आतून अप्पा म्हणाले. "घरातलं पायजे."

घरात आणखी होतं कोण? त्यांनी बेंगळुरूला मुलीला, मुक्ताला, फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. पंजा टेकवायला एका दिवसासाठी यायचं, बाकी काही नाही.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "मला त्या दोघींच्या मधे यायचं नाही, म्हणून तर मी इतक्या लांब नोकरी धरली. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तू म्हणाली होतीस, इथली हवा मानवत नाही."

"ते मी आईला सांगायला सांगितलं होतं. तुम्ही ते न गाळता स्वतःच खरं धरलंत."

मग त्यांनी अप्पांना शेटे वकिलांचं नाव सुचवलं. शेजारी म्हणजे घरच्यासारखेच. अप्पांनी ते ताबडतोब फेटाळलं. "वकील चालत न्हाई. वकिलाचं गास्केट दोन्हीकडनं गरम करतंय." एव्हाना त्यांनी इंजिनाची आणि मॅनिफोल्डची, दोन्हींची तोंडं खरवडून, चरा पडू न देता साफ केली होती. त्यांनी हात पुसले. "आदी तोंडं तपासू. दोघींस्नी बोलवा. नवं गास्केट बसवायचं म्हंजे दोन्ही बाजू समोर लागत्यात."

गास्केट काढलेलं, नवं बसलेलं नाही, आणि दोघी समोरासमोर. त्यांनी घरी फोन केला आणि वृंदाला म्हणाले, "तू आधी ये. माईंना मी नंतर वेगळी रिक्षा पाठवतो." वृंदा बरं म्हणाली.

थोड्या वेळानं एकच रिक्षा आली आणि तिच्यातून दोघी उतरल्या. अच्युतराव उठून उभे राहिले. मधे जाऊन उभं राहावं म्हणून ते दोन पावलं पुढे गेले, पण दोघी त्यांच्या एकेका बाजूनं बोलत बोलत पुढे निघून गेल्या.

"रिक्षावाला तुझ्या माहेरचा निघाला," माई म्हणत होत्या.

"मणेराजुरीचा. पण वळसा घालून आणलंच त्यानं."

"माहेरचा म्हणूनच आणलं असेल. त्याला वाटलं, बोलायला वेळ मिळेल."

अप्पांनी दोघींना गाडीजवळ उभं केलं. त्यांनी पोलादी पट्टी काढून इंजिनाच्या तोंडावर आडवी, उभी, तिरपी लावून बघितली. तशीच मॅनिफोल्डच्या तोंडावर लावली. मग त्यांनी मधे काहीही न घालता मॅनिफोल्ड इंजिनाला नुसतं भिडवलं आणि वृंदाला पलीकडून टॉर्च मारायला सांगितलं. अप्पा अलीकडून डोळा बारीक करून बघत राहिले. मग त्यांनी चष्मा लावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर, गिऱ्हाइकाच्या गाडीत स्वतःलाच काही न कळल्याची नाराजी दिसली.

"उजेड येत न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे?" माईंनी विचारलं.

"म्हंजे फट न्हाई. पण हे लोखंडाचं झालं. आता तुमचं बघाय पायजे. माई, सुनेबद्दल येक तक्रार सांगा. सरांस्नी न्हाई, थेट तिला."

अच्युतरावांनी जीपच्या सीटची कड धरली. माईंनी कानातले बोळे काढले, चोळामोळा करून कनवटीला लावले आणि वृंदाकडे बघितलं.

"खिचडी रबरासारखी करतेस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला तशी आवडते म्हणून मुद्दाम साबुदाणा कमी भिजवत आले," वृंदा म्हणाली. "मला स्वतःला मऊ लागते. हे सांगायचे, माईंना फार आवडली, अशीच कर. मागच्या एकादशीला खरं निसटलं."

"मी कशाला म्हणेन अशीच कर? माझे दात बघ. मला वाटायचं, तू मुद्दाम करतेस, माझी वाकडी तोंडं बघायला."

"आणि मी दर एकादशीला घशाखाली लोटायची, तुम्हाला आवडते म्हणून."

अप्पा सांध्याकडे बघत होते. कुठे काही फुटलं नाही.

"आता वैनी, तुम्ही सांगा."

"गाडीची काच," वृंदा म्हणाली. "वाऱ्यानं माझी मान धरते, माई. पण हे म्हणतात, तुम्हाला हवा लागते, म्हणून मी ओढणी गुंडाळून बसते."

"मला कुठली हवा लागतेय? कानात कापूस कोंबून बसते मी. तो म्हणाला, वृंदाला वारा हवा असतो. म्हटलं, दुसऱ्या घरून आलेली पोर आहे, घेऊ दे वारा."

मग दोघींनी एकदमच वळून जीपच्या सीटकडे बघितलं. अच्युतराव उभे राहिले. शाळेत इन्स्पेक्टर वर्गावर आले की त्यांना असंच उभं राहावंसं वाटे. काहीतरी बोललं पाहिजे असं वाटून त्यांनी तोंड उघडलं, पण मधे घालण्यासारखं काही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. आपण इतकी वर्षं दोघींच्या मधली शांतता सांभाळत नव्हतो, मधला वारा आणि मधलं रबर सांभाळत होतो, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या आत कुठेतरी हसूही आलं, पण ते त्यांनी गाळून टाकलं.

"गास्केट नको," अप्पा सावकाश म्हणाले, जणू हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. "काही इंजिनं अशीच असत्यात. तोंडाला तोंड नीट बसलं की मधे काय लागत न्हाई. घातलं तर तिथनंच गळतंय."

त्यांनी मॅनिफोल्ड बसवलं. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत नेले, एकदा हलके, मग पुन्हा पक्के. गाडी थंडच होती. वृंदानं किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि चालत राहिलं. टिकटिक नव्हती. अप्पांनी नळी कानाला लावून सगळा सांधा फिरून बघितला आणि समाधानानं विभूतीला हात लावला.

मग ते हात पुसून अच्युतरावांपाशी आले, त्यांचा दंड धरून त्यांना दोघींसमोर आणून उभं केलं.

"हा जुना पार्ट," ते म्हणाले. "बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची आपली पद्धत हाय. न्हाईतर लोक म्हंत्यात, मिस्त्र्यानं बदललाच न्हाई. घरी नेताय, का मागं भंगारात टाकू?"

गॅरेजच्या मागे भंगाराचा ढीग होता. त्यात फाटके टायर, फुटके दिवे आणि एक स्टीअरिंग होतं. त्याच्याशेजारी, पत्र्याच्या सावलीत, गावातले दोन गृहस्थ बसलेले असत. ते एकेकाळी चांगल्या गाड्यांत होते. अच्युतरावांनी तिकडे न बघण्याचा प्रयत्न केला. माई काय म्हणतील याची त्यांना एरवी कधी भीती वाटली नव्हती, कारण त्या काहीही म्हणाल्या तरी ते पुढे पोचवणं अच्युतरावांच्या हातात असे. आज ते थेट येणार होतं.

"काय करायचं, माई?" वृंदानं विचारलं.

माईंनी मुलाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. वाकडं तोंड, कानामागची काजळी, खाली आलेले खांदे. "कुकरची जुनी रिंगसुद्धा मी कधी टाकली नाही," त्या म्हणाल्या. "हा तर मुलगा आहे."

"हो, असू देत," वृंदा म्हणाली. "लागतील कधीतरी."

अच्युतरावांचे डोळे भरून आले. कुठल्याशा गाडीच्या गास्केटचं रिकामं खोकं अप्पांनी त्यांच्या हातात दिलं, त्यात तिन्ही तुकडे घातले, आणि गाडीचं मागचं दार उघडून त्यांना आत बसवलं.

रविवारी पहाटे बोरगावकर मंडळी कोल्हापूरला निघाली. गाडी वृंदा चालवणार होती. तिला चालवायला लग्नाआधीपासून येत होतं. गास्केट इंजिनाजवळ हवं म्हणून आजवर तो प्रश्न आला नव्हता. माई तिच्याशेजारी बसल्या, काच वर केलेली, कान मोकळे. अच्युतराव मागे एका कडेला, मांडीवर खोकं घेऊन. शेटे वकील ब्रश तोंडात धरून कुंपणाशी आले आणि त्यांनी कान दिला.

वृंदानं गाडी चालू केली. सकाळ थंड होती, तरी बॉनेटखालून काही आवाज आला नाही. टिकटिक येत होती ती मागच्या सीटवरून. बारीक होती, पण नेमानं येत होती. अच्युतरावांनी तोंड हातानं झाकलं, खोकं छातीशी धरलं, काही उपयोग झाला नाही.

"चहा घेतला नाही का यानं?" माईंनी वृंदाला विचारलं.

"घाईत राहिला."

"मग दे आधी. थर्मास तुझ्या बाजूला आहे."

वृंदानं गाडी बंद केली, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मागे दिला. अच्युतराव तो फुंकून फुंकून प्यायले. माईंनी आणि वृंदानं तोवर मावशीच्या साडीविषयी थोडं बोलून घेतलं. चहा संपला तशी टिकटिक थांबली. झाकण परत घेऊन वृंदानं ते बसवलं, आणि गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली.